सोने गेले, बाग राहिली!
अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराची गोष्ट



या पानावर आपण एरवी बी-बियाणे, खते आणि कीडरोग यांबद्दल बोलतो. आज मी तुम्हाला दूरच्या एका शहराची गोष्ट सांगणार आहे. शहर अमेरिकेचे असले तरी गोष्ट मातीचीच आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को हे शहर आहे. त्याच्या तीन बाजूंना पाणी. एकीकडे पॅसिफिक महासागर, दुसरीकडे शांत खाडी आणि दोहोंना जोडणाऱ्या सामुद्रधुनीवर १९३७ साली खुला झालेला तांबूस-नारिंगी रंगाचा गोल्डन गेट पूल. तिथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा, पण समुद्रावरून धुके येते आणि भर जुलैत लोक स्वेटर घालून फिरतात.

सोन्यामागे धावलेली माणसे

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातील एका लाकूड गिरणीच्या पाटात सोन्याचे कण सापडले. त्या वेळी सॅन फ्रान्सिस्को हे हजारभर वस्तीचे गाव होते. दोन वर्षांच्या आत वस्ती पंचवीस हजारांच्या घरात गेली. जहाजे बंदराला लागली की खलाशीसुद्धा जहाज तिथेच टाकून सोन्याकडे धावत. अशी कितीतरी जहाजे भरावाखाली गाडली गेली. आज त्यांच्यावर बँकांच्या उंच इमारती उभ्या आहेत.

वरवर सापडणारे सोने काही वर्षांतच संपले. मग आज जगभरचे लोक तिथे काय पाहायला जातात? माणसांनी कष्टाने उभे केलेले आणि जिवापाड जपलेले.

वाळूत बाग कशी फुलली?

शहराच्या पश्चिमेला निव्वळ वाळूच्या टेकड्या होत्या. वारा सुटला की वाळू जागा बदलायची. तिथे सुमारे हजार एकरांची बाग करायचे ठरले. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध उद्यानाचा आराखडा करणारे ओल्मस्टेड यांनाही इथे झाडे वाढतील याची खात्री नव्हती.

१८७१ साली विल्यम हॅमंड हॉल या तरुण अभियंत्याकडे हे काम आले. त्याने लावलेले ल्युपिन हे द्विदल झुडूप मूळ धरण्याआधीच वाळूबरोबर उडून जाई. असे सांगतात की, एकदा घोड्यांसाठी भिजवलेले जव, म्हणजे आपला सातू, वाळूत सांडले आणि थोड्याच दिवसांत तरारून उगवले. हॉलने ते हेरले. सातू आणि ल्युपिन यांचे बी त्याने एकत्र पेरले. सातूने झटपट उगवून वाळू धरली, तिच्या आडोशाला ल्युपिन रुजले. पुढे वाळू धरणारे गवत, शहरातल्या रस्त्यांवरचे घोड्यांचे शेणखत आणि मग सुरू, निलगिरी, पाइन अशी झाडे आली. पाण्यासाठी १९०३ आणि १९०८ साली दोन मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. १८८७ पासून जॉन मॅक्लारेन या स्कॉटिश माळ्याने पन्नासहून अधिक वर्षे, १९४३ साली मरेपर्यंत, ही बाग सांभाळली. तिचे नाव गोल्डन गेट पार्क.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे मोठा भूकंप झाला. पाण्याचे नळ फुटल्यामुळे आग विझवता येईना. शहर तीन-चार दिवस जळत राहिले. तीन हजारांवर माणसे गेली, दोन लाखांवर बेघर झाली. त्यांतील हजारो कुटुंबांनी तंबू ठोकले ते याच बागेत. जी जमीन कुचकामी ठरवली होती, तीच आसऱ्याला आली.

जपले म्हणून टिकले

या शहराचे रस्ते घाटासारखे चढाचे. चढावर घोडे घसरत, जखमी होत. त्यावर उपाय म्हणून १८७३ साली जमिनीखालच्या फिरत्या तारदोराने ओढली जाणारी गाडी सुरू झाली. १९४७ साली महापौरांनी ती मोडीत काढायचे ठरवले, तेव्हा फ्रीडेल क्लुसमन या बाईंनी महिलांची फळी उभी केली. मतदान झाले आणि गाडी वाचली. आज तिच्यात बसायला प्रवासी रांगा लावतात.

आपलेही नाते

या शहराशी आपलेही नाते आहे. १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' या क्रांतिकारी पत्राचा पहिला अंक इथून निघाला. अमेरिकेत शेतांवर आणि लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांनी घामाचा पैसा या कामाला दिला. त्या गदर पक्षात आपले दोन मराठी तरुण होते. तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे १९१५ साली लाहोरला फासावर गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावरील संशोधनाने नावाजले. गदरच्या आठवणीसाठी सॅन फ्रान्सिस्कोत आज स्मारक आहे.

शेवटी थोडे स्वतःबद्दल. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गावच्या उघड्या मुरमाड माळावर मी एकदम रोपे लावून घेतली. गावकऱ्यांनी श्रमदानाने खड्डे खणले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात नुसते खड्डे राहिले. एक म्हातारे बाबा म्हणाले, "साहेब, आधी गवत तरी धरू द्यायचं होतं!" हॉलची हकिगत वाचली तेव्हा मला ते बाबा आठवले.

तेव्हा बंधु-भगिनींनो, तुमच्या बांधापलीकडे पडीक तुकडा असेल तर त्याला नावे ठेवू नका. पहिल्या पावसात आधी गवत नाहीतर हुलग्यासारखे द्विदल पीक टाका, गुरे चरू देऊ नका, माती धरू द्या. झाडाची घाई नंतर करा. माती जागेवर थांबली की झाडही थांबते.