घावन आणि माहुली

वर्षातले बरेच महिने घरची न्याहारी मला डब्यातच भेटते. मी कॉलेजात मराठी शिकवतो. शहापूरहून आसनगाव स्टेशन गाठून सकाळची लोकल पकडायची, म्हणजे मुले अजून पांघरुणातच असतात. म्हणून दिवाळीची सुटी लागली, की मी स्वयंपाकघरात उमेदवारी करतो.

आमचा मुलूख भाताचा. तेव्हा न्याहारीला तांदळाचे घावन. पीठ ताकासारखे पातळ हवे, आणि ते तळाशी बसते म्हणून दर खेपेस ढवळून घ्यायचे. नेमके तेच मी विसरलो. घावन तव्याला असे चिकटले, की सौ. म्हणाली, "अहो, हे काही निघायचे नाही. आता त्याला व्याकरण शिकवा!"

अंगणात चिरंजीव किल्ला रचीत होते. किल्ला अर्थातच आमचा शेजारी माहुली! १६३६ साली शहाजीराजांनी इथेच वेढा सोसला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. माती कालवायला सौ.ने तांदळाचे धुवण दिले. तानसा आणि भातसा ही धरणे आमच्या तालुक्यातली. त्यांचे पाणी मुंबई पिते, पण आमच्याच कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. इथल्या गृहिणीला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही.

थोरली यंदा बारावीत. "मी का आता लहान आहे?" म्हणून ती पुस्तकात डोके घालून बसली होती. जूनमध्ये ती पुण्याला वसतिगृहात जाणार. हे घरात सर्वांना ठाऊक आहे. बोलत मात्र कुणी नाही.

चिरंजीवांनी सुळके उत्तरेला उभारले मात्र, खिडकीतून आवाज आला, "अरे वेड्या, भंडारगड दक्षिणेला!" आणि पाठोपाठ बाईसाहेब स्वतःच आल्या! पळसगड, माहुली, भंडारगड असे तिन्ही भाग जागच्या जागी बसेपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत चिखलात होते. मग दोघांनी अळीव पेरले.

भाऊबीजेला आम्ही मुरबाडला ताईकडे गेलो. तिथे भाच्यांनी त्यांच्या तालुक्यातला गोरखगड उभा केला होता. कुणाचा किल्ला उंच, यावरून जी लढाई जुंपली, ती ताईच्या करंज्यांनीच मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो आमच्या माहुलीवर अळीव बोटभर वर आले होते. थोरली धुवण शिंपडीत धाकट्याला बजावत होती, "पुढच्या वर्षी मी सुटीत येईपर्यंत सुळक्यांना हात लावायचा नाही हं!"

सौ. काही न बोलता तव्याकडे वळली. मीही पीठ ढवळीत राहिलो.