उरणची गाडी आणि खारफुटीचा कागद

उरणची रेल्वे हा नवी मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. हा मार्ग नव्वदीच्या दशकात मंजूर झाला. खारकोपरपर्यंतचा पहिला टप्पा ११ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाला आणि उरणला गाडी पोहोचली ती १२ जानेवारी २०२४ रोजी. लांबी सुमारे २७ किलोमीटर! खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोचा, ३३ टक्के रेल्वेचा, असे ठरले होते. तरी काम अडले. भूसंपादन, वनखात्याची मंजुरी आणि खारफुटी ही त्याची मोठी कारणे.

एवढ्या वर्षांत, स्टेशन होणार म्हणून ज्यांनी गाळे घेतले, त्यांचे हप्ते काही थांबले नाहीत. उरणच्या कापड दुकानदाराला भिवंडीचा माल टेम्पोनेच मागवावा लागे. खरेदीसाठी स्वतः मुंबईला यायचे, तर बस किंवा मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच. हे भाडे शेवटी मीटरमागे गिऱ्हाईकावर बसते, आणि गिऱ्हाईक कबूल झाले नाही, तर आमच्या नफ्यावर.

म्हणून आमचे काही व्यापारी बांधव म्हणतात, या परवानग्याच काढून टाका. आम्हाला हे पटत नाही. मोजल्याशिवाय ताग्याला कात्री लावणारा कारीगर कोण ठेवील? खारफुटी भरतीचा जोर अडवते, तिच्या मुळांशी मासळी वाढते आणि त्यावर कोळी बांधवांची रोजी चालते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिची तोड रोखली. २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. बुलेट ट्रेनसाठी आधी सुमारे ५३ हजार खारफुटीची झाडे तोडायची होती. ठाणे स्थानकाची रचना बदलल्यावर व फेरमोजणीनंतर हा आकडा सुमारे २२ हजारांवर आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने तेवढ्यालाच परवानगी दिली. तपासणी नसती, तर ही बचत कोणी केली असती?

मग वेळ जातो कुठे? आमच्या मते बराचसा कच्च्या कागदात. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे रेल्वेमार्गाला वेगळी पर्यावरण मंजुरी लागत नाही, पण खाडीकाठी सीआरझेड, वनजमीन व खारफुटी यांचे कागद लागतातच. सीआरझेडसाठी १:४००० प्रमाणाचा नकाशा अधिकृत संस्थेकडून करून घ्यावा लागतो. झाडांची मोजणी आणि भरतीच्या पाण्याची पाहणी करावी लागते. दरखास्त अर्धवट गेली, की शंका निघते, उत्तर जाते, पुन्हा शंका निघते. ऑगस्ट २०१८ पासून अर्ज परिवेश या संगणकीय खिडकीवर भरता येतात, ही सोय चांगलीच. पण खिडकीमागे कागद तपासणारा जाणकार माणूस नसेल, तर रांग तिथेच राहते.

अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात रस्ते-वाहतूक कामांच्या पर्यावरण तपासणीसाठी १० कोटी डॉलर वेगळे ठेवले होते. तपासणी ढिली करण्यासाठी नव्हे, नकाशे आणि माणसे वेळेवर मिळावीत म्हणून. आपल्याकडेही मार्गाची घोषणा होते त्याच वर्षी अशी तरतूद व्हावी. प्रकल्पाच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम किरकोळ. मात्र ती सरकारच्या अंदाजपत्रकातून यावी, प्रकल्पवाल्याच्या हातून थेट तपासनिसाकडे जाऊ नये. तराजू धरणाऱ्याचा पगार माल विकणाऱ्याने दिला, तर वजनावर भरवसा कोण ठेवील?

प्रत्येक उशीर खारफुटीच्या माथी मारणेही बरोबर नाही. बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. तिथे ठेकेदारीच्या घोळानेच जास्त खाल्ले.

आता मेट्रो तळोजा औद्योगिक वसाहतीकडे नेण्याचा बेत आहे. आपल्या व्यापारी संघटनांनी सिडकोला पत्र लिहून दोनच गोष्टी विचाराव्यात: पाहणीसाठी किती पैसे वेगळे काढले, आणि पहिला नकाशा कोणत्या महिन्यात तयार होणार?