निवृत्तांचा क्लब : फक्त भेटण्यासाठी

उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावात शाळा, तहसील, बँक किंवा पोफाळीचा साखर कारखाना यांतून कोणी निवृत्त झाले, की शाल-श्रीफळ, भाषणे, फोटो सगळे रीतसर होते. पेन्शन-पीएफच्या कागदांमागेही घरचे धावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता इस्त्रीचे कपडे घालून जायचे कुठे, याची सोय मात्र कोणी केलेली नसते.

साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हीच अडचण रोटरी क्लबच्या मंडळींना जाणवली. रोटरी ही व्यवसायाच्या पायावर उभी असलेली संस्था. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी ती सुरू केली, ती वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांच्या ओळखी वाढाव्यात म्हणून. धंदा किंवा नोकरी सुटली, की या वर्तुळातले पायही मागे पडत. राउंड टेबल या दुसऱ्या सेवाभावी क्लबमध्ये तर वयाची चाळिशी ओलांडली की बाहेर पडावे लागे. त्यातूनच माजी सदस्यांचे ‘फॉर्टी-वन क्लब’ निघाले. ते भारतातही आहेत.

१९६५ मध्ये लंडनजवळच्या वेलविन गार्डन सिटीत फ्रेड कार्निल या निवृत्त रोटेरियनने सकाळच्या कॉफीला जमणाऱ्या मित्रांचा एक क्लब केला. पुढच्याच वर्षी केटरहॅम येथे हॅरॉल्ड ब्लँचर्ड यांनी निवृत्त व्यावसायिकांसाठी दुपारच्या जेवणाचा क्लब काढला. ‘प्रोफेशनल’ आणि ‘बिझनेस’ या शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याला ‘प्रोबस’ नाव मिळाले. पुढे ही कल्पना न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियात पसरली.

या क्लबची खरी हुशारी त्याने काय वगळले यात आहे. वर्गणी गोळा करणे नाही, शिबिरे नाहीत, समाजसेवेचा हिशेब नाही. ठरलेल्या दिवशी यायचे, एखादे व्याख्यान ऐकायचे, गप्पा मारायच्या. आयुष्यभर जबाबदाऱ्या उचललेल्या माणसांना पुन्हा समित्यांत जुंपायचे नाही, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे मंडळ स्थापन होताच अध्यक्ष कोण, यावर पहिले भांडण होते, म्हणून हे मुद्दाम सांगायचे.

आता विज्ञान काय म्हणते? २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील ३ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. स्मृतिभ्रंशाविषयी ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या १४ कारणांमध्ये सामाजिक एकटेपणाही आहे. अर्थात आजारी माणूस मुळातच घराबाहेर कमी पडतो. त्यामुळे एकटेपणाने आजार आला की आजाराने एकटेपणा, हे वेगळे काढणे सोपे नसते. तरी दीर्घकाळचा एकटेपणा आणि ताण, झोप, रक्तदाब यांचे नाते अनेक अभ्यासांत दिसते. साध्या गोष्टीही असतात: बाहेर पडायचे म्हणून चालणे होते, आणि चार दिवस कोणी दिसले नाही तर चौकशीला माणूस येतो.

महाराष्ट्रात ही गरज ज्येष्ठ नागरिक संघांनी बरीच भागवली. ‘फेस्कॉम’ हा त्यांचा महासंघ १९८० पासून काम करतो. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तोही सकाळच्या बागेतल्या भेटीतूनच. पण या सगळ्यांत बायका कुठे, हे विचारायला हवे. सुरुवातीचे प्रोबस क्लब पुरुषांचेच होते. आपल्या पारावर आणि ओट्यावरही तेच दिसते. निवृत्त शिक्षिकेची, नर्सची नोकरी सुटते, स्वयंपाकघर सुटत नाही. तिच्या भेटीची वेळ घरच्यांनी सोडवून द्यावी लागते.

असा गट करायला फारसे काही लागत नाही. वार आणि वेळ मात्र कायम हवी. विदर्भाच्या उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. जागा तळमजल्यावर, जवळ स्वच्छतागृह. ज्यांना कमी ऐकू येते ते आधी गप्प होतात आणि मग यायचेच बंद होतात. त्यांना पुढे बसवावे, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा आणि एका वेळी एकानेच बोलावे.