बद्द वाजणारी फळी

गोंदिया जिल्हा तलावांचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. पुढे गाढवी नदीवर इटियाडोह धरण झालं. या पाण्यावर ढिवरांचे डोंगे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. फायबरच्या बोटी पर्यटकांसाठी आल्या आणि आता जुन्या झाल्या. समुद्र नसलेल्या मुलखात त्या दुरुस्त कोण करतं, ते पाहून या, असं संपादकांनी सांगितलं.

एका तलावाकाठी, एरवी गाड्यांचे बंपर सांधणारे मिस्त्री पालथ्या बोटीवर हातोडीची मूठ आपटत होते, मडकं घेताना वाजवून बघावं तसं. बाजू खणखणीत वाजल्या. इंजिन बसतं ती मागची फळी मात्र बद्द.

‘‘आतला प्लाय गेला जी.’’

बाहेर भेग नव्हती. बोल्टच्या भोकातून झिरपलेलं पाणी फायबरच्या दोन थरांत कोंडतं आणि प्लाय कुजवतं. गोडं पाणी बोटीला सोसतं, हा समजही चुकीचा. जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरातून, आत शिरण्याची त्याची ओढ खाऱ्या पाण्याहून जास्त, त्यामुळे फोडांचा धोकाही जास्त.

नवी फळी कशाची? साग इथलाच, पण त्यातलं तेल रेझिनला नीट धरू देत नाही. म्हणून आयएस 710 चा मरीन प्लाय. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, पण पक्क्या झालेल्या जुन्या थराला ते केवळ खरखरीतपणाच्या आधारानं धरून राहतं. इपॉक्सीची पकड कितीतरी मजबूत. तिच्यासोबत विणलेलं काचकापड हवं. साध्या मॅटमधला, काचेचे धागे एकत्र धरणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. 6 मिलिमीटरच्या थराला जोड द्यायचा तर कड बारापट लांब, म्हणजे सात सेंटीमीटर उतरती घासावी लागते. तो उतार मिस्त्री डोळे मिटून बोटांनी तपासत होते. असा हात मी क्वचितच पाहिला आहे.

अडचण ऋतूंची. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, पण पारा 45 अंशांकडे गेला की रेझिन डब्यातच तापून गोठतं. पावसाळ्यात ओल, हिवाळ्यात पर्यटक. मग उरते उन्हाळ्यातली पहाट, तीही थोडं थोडं रेझिन कालवत. मालकांना इपॉक्सीचा भाव जड वाटतो. पण इंजिनाचा सगळा रेटा याच फळीवर येतो आणि बोटीत लेकरं बसतात. इथली काटकसर मला पटत नाही. त्याहून मोठी काळजी मिस्त्रींची. ग्राइंडर चालू झाला की काचेची बारीक धूळ उडते आणि तोंडावर असतो फक्त रुमाल. फिल्टरचा मास्क बोटीच्या खर्चात कुणी धरतच नाही.