झाडावरची नोटीस

बुंध्यावर डकवलेला कागद सगळ्यांत आधी सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींना दिसतो. अर्ध्या तासात त्याचा फोटो वसाहतीच्या ग्रुपवर येतो. मजकूर थोडकाच असतो: रस्तारुंदीला अडथळा ठरणारी झाडं काढण्याचा प्रस्ताव आहे, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. या सात दिवसांत शनिवार-रविवारही आलेच, आणि त्या दोन्ही दिवशी आवक खिडकी बंद.

आमच्या भागात झाडांसाठी काम करणारा जो गट आहे, त्यात मी आहे. आम्ही मानवी साखळी केली आहे, फलक धरून उभे राहिलो आहोत. त्याचा उपयोग होतो. पेपरात फोटो छापून आला की साहेब भेटीची वेळ देतात. पण भेटीत साहेब पहिला प्रश्न विचारतात तो असा, ‘लेखी हरकत दिलीय का?’ ती दिलेली नसली तर पुढचं बोलणं चहापुरतं.

राज्यात शहरांतल्या झाडांसाठी 1975 पासून कायदा आहे. झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याने ते प्रत्यक्ष पाहायचं, वर्तमानपत्रात आणि झाडावर सूचना द्यायची, आणि मग प्रस्ताव वृक्ष प्राधिकरणापुढे न्यायचा. हरकत आली तर हरकतदाराचं म्हणणं ऐकून घ्यायचं. कायद्यातलं हे एवढं कलम आमच्या हातात आहे. त्याला धरूनच सगळी धावपळ.

पहिला दिवस तोडायच्या झाडांची यादी मिळवण्यात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी, टेप आणि खडू घेऊन आम्ही रस्त्यावर. आमच्यात वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. सगळे त्यांना सरच म्हणतात. सर घेर मोजायला शिकवतात: जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, टेप सैल न सोडता. उतारावरचं झाड असेल तर चढाच्या बाजूने उंची धरायची. त्या उंचीच्या खालीच दोन फांटे फुटले असतील तर दोन्ही वेगळे मोजायचे. एक जण आकडा ओरडून सांगतो, दुसरी लिहिते, तिसरा खडूने क्रमांक टाकतो. नववीतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नीट करतात, हे आवर्जून सांगते.

मग यादीशी ताळा. मागच्या खेपेला ठेकेदाराच्या माणसांनी केलेल्या यादीत जातीच्या रकान्यात ठिकठिकाणी नुसतं ‘जंगली’ लिहिलेलं होतं. त्यातलं एक उंबर निघालं, एक करंज. उंबराखाली फळांचा सडा पडलेला, वर तांबट आणि बुलबुल. ज्याने यादी केली त्याने मान वर केली असती तरी कळलं असतं. मला याचा राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही. ज्याचं नावही लिहिलं नाही, ते झाड तोडायची परवानगी कशाच्या आधारावर मागता?

सगळ्यांत जास्त वेळ वयावर जातो. 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणजे साठीतला कडुनिंब यादीत वीस वर्षांचा दाखवला, तर चाळीस रोपं तिथल्या तिथे गायब. पण घेरावरून वय काढताना आम्हालाही ताणून चालत नाही. रेन ट्री झपाट्याने जाड होतो, चिंच संथ वाढते. सारख्या घेराच्या दोन झाडांत पंचवीस-तीस वर्षांचा फरक असू शकतो. सर आमचेही आकडे खाली आणतात. त्यावरून गटात वाद झालेत. एक आकडा फुगवलेला सापडला तर उरलेल्या हरकतींवरचा विश्वास उडतो, हे सरांचं म्हणणं मला पटतं.

त्याच फेरीत एका जुन्या रेन ट्रीच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी दिसली. भर दिवसा एक पिंगळा ढोलीच्या तोंडाशी बसून आमच्याकडे मान वर-खाली करत टक लावून पाहत होता. फोटो काढला, वेळ लिहिली. पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून तो मुद्दा हरकतीत वेगळा घातला.

हरकत लिहिताना भावनेचा परिच्छेद एकच ठेवतो. बाकी झाडवार मांडणी: क्रमांक, जात, घेर, वय, आणि रस्त्याची आखणी किती सरकवली तर झाड वाचेल. एकाच मजकुराच्या शंभर प्रती देण्यापेक्षा घराघरांतून वेगवेगळ्या दहा हरकती आलेल्या बऱ्या. आजी आपल्या अक्षरात लिहितात की भाजीवाली त्या सावलीत बसते; तेही जोडतो. सगळ्या प्रतींवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. पोच नसेल तर हरकत दिलीच नाही असं समजा.

एवढं करूनही हाती काही लागेल याची हमी नाही. मुंबईत आरेच्या मेट्रो कारशेडविरोधात हजारो हरकती दिल्या गेल्या होत्या. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला थांबायला सांगितलं, तोवर 2,141 झाडं पडली होती. म्हणून आता परवानगी निघाली की आम्ही आळीपाळीने रात्रीही रस्त्यावर चक्कर मारतो. परवानगीनंतर पंधरा दिवस झाड तोडता येत नाही, हे कायद्याचं वाक्य छापून प्रत्येकाने खिशात ठेवलं आहे. करवत घेऊन आलेल्या मजुरांशी भांडायचं नाही, आदेशाची प्रत मागायची, हेही ठरलेलं आहे.

आमच्या सुनावणीत अभियंत्यांनी नकाशा उलगडला आणि सरांनी त्यावर पट्टी ठेवली. पदपथ झाडांच्या मागून वळवला तर उंबर, करंज आणि कडुनिंबांची रांग वाचते, हे अभियंत्यांनी मान्य केलं आणि इतिवृत्तात तसं लिहून घेतलं. पिंगळ्यांचा रेन ट्री मात्र चौकाच्या तोंडावर आहे. त्याचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. तोवर इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत मिळावी म्हणून अर्ज केला आहे आणि त्याचीही पोच घेतली आहे.