परदेशात गाडी चालवताना : परवाना, नियम आणि संकेत

मागच्या वेळी ‘नियम आणि संकेत’ या विषयावर आम्ही तासभर बोललो. व्याख्यान संपल्यावर आमचे एक जुने सहकारी जवळ आले आणि म्हणाले, “सर, ते सगळं ठीक आहे. पण मला मुलाकडे मँचेस्टरला जायचंय. तिथे त्याची गाडी मी चालवली तर चालेल का, एवढंच सांगा.” आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हे एका वाक्यात सांगता येणार नाही. म्हणून आजचा विषय तोच. धाराशिव, तुळजापूर, उमरगा इथली मुलं आता जगभर पांगली आहेत. आई-वडील सहा-सहा महिने त्यांच्याकडे राहायला जातात, आणि तिकडे गाडीशिवाय पान हलत नाही. तेव्हा हा काही केवळ हौशी पर्यटकांचा प्रश्न राहिलेला नाही.

आधी कागदाचं बघू. आपण ज्याला ‘इंटरनॅशनल लायसन’ म्हणतो, तो खरं म्हणजे परवानाच नाही. हे नीट लक्षात घ्या. ती एक साक्ष आहे. आपलं सरकार दुसऱ्या सरकारला सांगतं, की या गृहस्थांची आम्ही परीक्षा घेतली आहे, अमुक प्रकारची गाडी त्यांना चालवता येते, आणि ही माहिती तुम्हाला वाचता येईल अशा भाषांत देत आहोत. मूळ परवाना खिशात नसेल तर या पुस्तिकेला काही अर्थ उरत नाही. दोन्ही बरोबर हवेत.

ही साक्ष कशाच्या आधारावर चालते? १९४९ साली जिनिव्हा इथे रस्ते वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९६२ पासून त्यात आहे. कराराच्या २४ व्या कलमात परक्या देशाच्या चालकाला मान्यता देण्याची तरतूद आहे आणि दहाव्या परिशिष्टात पुस्तिकेचा नमुना. नंतर १९६८ साली व्हिएन्नाला दुसरा करार झाला. काही देश पहिल्यात आहेत, काही दुसऱ्यात, काही दोन्हींत. त्यातून गमती होतात. जर्मनी १९४९ च्या करारात नाही, म्हणून जर्मन माणसाचा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालत नाही. त्याला आपल्या परवान्याचं जपानी भाषांतर करून घ्यावं लागतं. आपल्या धाराशिवच्या आरटीओ कार्यालयातून घेतलेली पुस्तिका मात्र जपानमध्ये चालते! चीनच्या मुख्य भूमीवर कुणाचीच चालत नाही, तिथे तिथलाच परवाना काढावा लागतो.

आपल्याकडे अर्ज नमुना ४-अ मध्ये करायचा, ‘सारथी’ संकेतस्थळावरून. शुल्क एक हजार रुपये. मुदत एक वर्ष, पण मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. आमच्या वयाच्या लोकांनी इथे सावध राहावं. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचं नूतनीकरण पाचच वर्षांसाठी होतं, आणि कार्डावरची तारीख आपण किती वेळा बघतो? तिकीट काढण्याआधी ती बघा. आणि हो, दहा वर्षांचं, वीस वर्षांचं ‘इंटरनॅशनल लायसन’ घरपोच देणाऱ्या जाहिराती फोनवर येतात. करारात मुदत एक वर्षाची आहे. दहा वर्षांचं म्हणून कुणी विकतो, तेव्हा ते खोटं आहे हे ओळखायला आणखी काही लागत नाही.

पुस्तिकेत वाहनांचे वर्ग असतात. मोटारसायकलचा वेगळा, मोटारीचा वेगळा. थायलंडला गेलेली आपली मंडळी कारच्या परवान्यावर बिनदिक्कत भाड्याची स्कूटर घेतात. देणारा देतो, त्याला धंदा करायचाय. पण अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तो वर्ग बघते.

पुढचा मुद्दा पाहुणा कोण आणि रहिवासी कोण, हा. परवान्याची ही सवलत पाहुण्यासाठी असते. ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर मोटार १२ महिने चालवता येते. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने. कॅलिफोर्नियात पाहुण्याला मूळ परवान्यावर गाडी चालवता येते, पण तिथला रहिवासी झालात की दहा दिवसांत तिथला परवाना घ्यावा लागतो. म्हणजे ग्रीन कार्ड मिळालेल्या आजोबांनी “आम्ही तर दर वर्षी येतो-जातो, पाहुणेच की,” असं म्हणून भागत नाही. आपण स्वतःला काय समजतो याचा इथे संबंध नाही. कायदा काय समजतो हे बघायचं.

आता थोडं मागे जाऊ या. आमचे वडील सांगायचे, की त्यांच्या तरुणपणी इथून बार्शीला किंवा सोलापूरला जाणं म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणं होतं. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात, बार्शी-सोलापूर मुंबई इलाख्यात. मध्ये करोडगिरीचा नाका. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. पण नाका ओलांडल्यावर बैलगाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूने हाकायची, हा प्रश्न पडत नव्हता. सीमेवर कायदा बदलला तरी रस्त्याची सवय बदलली नव्हती. गोव्याचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. पोर्तुगालने १९२८ साली वाहतूक उजवीकडे नेली, पण गोव्यात ती डावीकडेच ठेवली. का? कारण शेजारी आपण होतो, आणि आपण डावीकडून चालत होतो.

डावी बाजू खरी की उजवी, याला स्वतःचं असं उत्तर नाही. सगळे जिकडून जातात ती बरोबर. ह्यूमने एका होडीतल्या दोन वल्हेकऱ्यांचं उदाहरण दिलं आहे. ते एकमेकांना वचन देत नाहीत, तरी एका लयीत वल्हवतात. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९६९ साली यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की संकेत टिकतो तो परस्परांच्या अपेक्षेवर. तू असं करशील अशी माझी अपेक्षा, आणि माझी अशी अपेक्षा आहे हे तुला ठाऊक आहे. परदेशात गाडी चालवताना नेमकी ही अपेक्षा तुटते, आणि परवान्याची पुस्तिका ती जोडून देऊ शकत नाही.

हेडलाइटचंच बघा. आपल्या सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गजवळ समोरच्याने डिपर मारला, तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. ब्रिटनमध्ये पुस्तकातला नियम सांगतो, की दिवा फक्त ‘मी इथे आहे’ हे कळवण्यासाठी. पण तिथल्या लोकांच्या सवयीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘या, तुम्ही आधी जा’ असा होतो. एकच खूण, अर्थ उलटा. आपण इकडच्या सवयीने तिथे दिवा मारला तर समोरचा आभार मानून आपल्या पुढ्यात येईल.

उलटही होतं, की कागदावर नियम तोच आणि तरी आपण चुकतो. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा जर्मनीतला नियम. आपल्या वाहतूक नियमांतही हेच लिहिलेलं आहे. पण बार्शी नाक्यावर उभं राहून बघा, कोण कुणाला जाऊ देतं! तिथे ज्याची गाडी मोठी त्याचा मान मोठा. जर्मनीत मात्र उजव्या गल्लीतून येणारी म्हातारी बाई सायकलवर असली तरी थांबत नाही, कारण तुम्ही थांबणार हे तिने गृहीत धरलेलं असतं. तिचा तो विश्वास आपण मोडायचा नसतो.

अमेरिकेतल्या दोन गोष्टी सांगतो. लाल अष्टकोनी ‘स्टॉप’ पाटीपाशी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता मोकळा असला तरी. आणि पिवळी स्कूलबस लाल दिवे लावून उभी असेल तर मागच्यांनी थांबायचंच, पण दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. लाल सिग्नलला थांबून उजवीकडे वळायला बहुतेक ठिकाणी मुभा आहे, न्यूयॉर्क शहरात नाही.

आमची स्वतःची फजितीही सांगून टाकतो. मुलीकडे कॅलिफोर्नियात होतो. पहिले आठ दिवस जावई शेजारी बसून आम्ही चालवली, एकही चूक नाही. मग एका रविवारी सकाळी दूध आणायला एकटेच निघालो. वळताना इंडिकेटर द्यायला गेलो तर वायपर सुरू झाले, कारण दांड्या उलट्या बाजूला. हसू आलं. परतताना दुकानाच्या आवारातून बाहेर पडलो आणि निवांत डाव्या बाजूने चालू लागलो. रस्ता रिकामा होता. रिकामा होता म्हणूनच चुकलो, कारण गर्दीत पुढच्या गाडीच्या मागे जाता येतं, रिकाम्या रस्त्यावर फक्त सवय असते. समोरून एक गाडी आली, तिच्या चालकाने हॉर्न न वाजवता गाडी कडेला घेतली आणि हाताने दाखवलं, पलीकडे जा. आम्ही घरी आलो ते किल्ली जावयाच्या हातात देऊनच. पन्नास वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचे हात त्याचं ऐकत नाहीत, हे तेव्हा कळलं.

आता सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो. मँचेस्टरला वाहतूक डावीकडून, परवाना चालतो, इंग्रजी येतं. मग अडचण कुठे? विम्यात. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. गाडी भावाची, चालवणारा मेहुणा, परवाना असला की तृतीय पक्षाचा विमा लागू. ब्रिटनमध्ये साधारणपणे विम्याच्या कागदावर ज्याचं नाव आहे त्यानेच ती गाडी चालवायची. मुलाच्या पॉलिसीत वडिलांचं नाव नसेल आणि ते गाडी घेऊन निघाले, तर तो विनाविमा गाडी चालवण्याचा गुन्हा होतो. जागेवरचा दंड ३०० पौंड, परवान्यावर सहा गुण, आणि पोलीस गाडी जप्तही करू शकतात. शिवाय ती चालवू दिली म्हणून मुलावरही बालंट येतं. घरातल्या घरात ‘किल्ली दे रे जरा’ एवढंच झालेलं असतं, आणि निस्तरायला मुलगा तिथे राहतो.

हे आम्ही त्यांना फोनवर कळवलं होतं. कालच त्यांचा उलट फोन आला. मुलाने विमा कंपनीकडे चौकशी केली. बहात्तर वर्षांच्या, ब्रिटनमध्ये कधी गाडी न चालवलेल्या चालकाचं नाव चार महिन्यांसाठी घालायला त्यांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून गृहस्थ म्हणाले, “सर, तिथे ट्राम आहे म्हणतात. मी ट्रामने फिरेन.”