इंटरनेटची पेटी कुठे, आणि कुणाच्या नावावर?

पूर्वी नव्या जागेत बिऱ्हाड मांडलं की बायका पहिली चौकशी पाण्याची करीत. नळ किती वाजता येतो, गच्चीवर टाकी आहे का, वाण्याचं दुकान किती लांब. आता त्या चौकशीत एक प्रश्न वाढला आहे: "तुमच्याकडे नेट कुणाचं?" मुलांचा अभ्यास, विजेचं बिल, गाडीचं आरक्षण, सासूबाईंचं दुपारचं कीर्तन, सगळं आता त्या एका तारेवर येऊन बसलंय.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमामार्फत. तेव्हा ते टेलिफोनच्याच तारेतून यायचं. कुणी इंटरनेट लावलं की तेवढा वेळ घरचा फोन बंद! माझ्या माहेरी ते आलं तेव्हा आई दर दहा मिनिटांनी म्हणायची, "अगं, पुरे कर आता, कुणाचा तरी फोन येत असेल." आता घरोघरी येते ती फायबरची तार. तिच्या आत केसासारखा बारीक काचेचा तंतू असतो आणि त्यातून विजेऐवजी उजेड धावतो.

कुठली कंपनी चांगली, हे मी इथे सांगणार नाही. त्याच्या जाहिराती जिन्यात रोज पडलेल्या असतात. पण तार बसवायला माणूस येतो तो दुपारी बारा वाजता, आणि दार उघडणारी असते ती आपण. ठरवलेलं मात्र सगळं आधीच कुणीतरी दुसऱ्याने असतं. तेव्हा माणूस दारात यायच्या आधी आपल्याला काय माहीत असायला हवं, तेवढं लिहिते.

पहिली चौकशी कंपनीकडे नव्हे, इमारतीत करावी. जिन्यात किंवा गच्चीवर ज्या कंपनीची पेटी आधीच लागलेली असेल तिचं कनेक्शन तासा-दोन तासांत मिळतं. पेटी नसेल तर तार शेजारच्या इमारतीवरून किंवा रस्त्यातल्या खांबावरून आणावी लागते, आणि मग सोसायटीची परवानगी आली. कंपनीचा विक्रेता हे सांगत नाही. तो म्हणतो, "उद्या जोडून देतो, ताई." म्हणून वॉचमनला विचारा, ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांना विचारा, आणि विशेषतः हे विचारा की बंद पडलं तर माणूस किती दिवसांनी येतो.

आमची इमारत डोंबिवलीतली, चार मजली, जुनी. तिथे वर्षानुवर्षं एकाच स्थानिक केबलवाल्याची तार. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, पण त्याआधी साडेसहाला माझा एक वर्ग घरातूनच असतो. अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या मुलांना मी मराठी लिहा-वाचायला शिकवते. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. मुलं खेळून, दूध पिऊन बसलेली. नेमकी त्या वेळी आमची तार आठवड्यातून दोनदा तरी जायची. केबलवाल्याचं दुकान उघडायचं अकराला! तासावर मिळणारे पैसे तर बुडायचेच, पण त्या दिवसांत माझे दोन विद्यार्थीही गेले. त्यांच्या आयांना बोल लावण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या कंपनीला तार आणू द्यावी असा अर्ज आम्ही अकराजणींनी मिळून कमिटीकडे दिला. कुणी घरून टायपिंगचं काम करते, कुणी शिकवण्या घेते, कुणाची मुलगी इंजिनिअरिंगला. सेक्रेटरी काका सज्जन गृहस्थ. अर्ज नीट वाचून म्हणाले, "वहिनी, सगळं बरोबर आहे, पण सह्या सभासदांच्या हव्यात." शोधून पाहिलं तर अकराजणींत सभासद निघाल्या दोघी. एक तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, आजोबांच्या पश्चात घर त्यांच्या नावावर झालं म्हणून. आणि एक बँकेत नोकरी करणाऱ्या, ज्यांनी स्वतः कर्ज काढलं म्हणून. बाकीच्यांपैकी कुणाचं नाव कागदावर नाही, कुणाचं आहे पण दुसरं. घर दोघांच्या नावावर असलं तरी मताचा अधिकार पहिल्या नावाला असतो. दुसऱ्या नावाच्या व्यक्तीला पहिल्याच्या गैरहजेरीतच मत देता येतं. हे मला इंटरनेटच्या निमित्ताने कळलं, बरं का!

मग काय, रात्री जेवणं उरकल्यावर सह्यांची फेरी. आमच्या ह्यांनी लगेच केली. एक भावजी मात्र "आपल्याला काय कमी आहे, मोबाइलवर चालतंय ना?" म्हणून चार दिवस अडून बसले. त्यांचं मोबाइलवर चालत होतं, कारण ते दिवसभर ऑफिसात असत.

सर्वसाधारण सभेत ठराव झाला, तोही कुरबुरीनेच. केबलवाला संस्थेला दरवर्षी काही रक्कम देत असे, ती जाईल ही काहींना चिंता. पण ठरावात अटी चांगल्या घातल्या आणि त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. तार डक्टमधूनच न्यायची, इमारतीच्या दर्शनी भागावर लोंबती ठेवायची नाही. भिंतीला भोक पाडलं तर त्याच दिवशी सिमेंटने बुजवायचं, नाहीतर पावसाळ्यात ओल आलीच. बंद झालेली जुनी तार कंपनीने काढून न्यायची. तुमच्याकडे असा अर्ज द्यायची वेळ आली तर तो लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलणं जिन्यातच विरतं.

आता नाव. कनेक्शन घेताना आधार कार्ड, फोटो आणि मोबाइल नंबर लागतो. भाड्याच्या घरात असाल तर भाडेकरार आणि भोक पाडायला मालकाची संमती. (एसीच्या नळीसाठी पाडलेलं भोक असेल तर त्यातूनच तार घेता येते.) हे सगळं बहुतेक घरांत घरच्या पुरुषाच्या नावाने होऊन जातं, मुद्दाम नव्हे, सवयीने. आणि अडचण होते ती नावापेक्षा नंबराची.

आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींकडे काय झालं पाहा. त्या घरून एका विमा एजंटाचं कागदपत्रांचं काम करतात, रोजावर. भावजी कामासाठी नाशिकला गेलेले आणि इकडे नेट बंद. वहिनींनी तक्रार करायला फोन केला, तर ओटीपी गेला भावजींच्या मोबाइलवर. ते मीटिंगमध्ये. संध्याकाळी तक्रार नोंदली गेली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा माणूस आमच्या फाटकापर्यंत आला आणि नोंदलेल्या नंबरावर फोन करून, तो कुणी उचलत नाही म्हणून परत गेला. वहिनी वर दार उघडं ठेवून वाट बघतायत, आणि कंपनीचा संदेश येतो भावजींना: "ग्राहक उपलब्ध नसल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे." तीन दिवसांचा रोज गेला. भावजी परत आल्यावर त्यांचीही चडफड झालीच, पण नंबर बदलायलासुद्धा पुन्हा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर!

तेव्हा जी व्यक्ती दिवसा घरी असते तिचा नंबर कनेक्शनला द्यावा. नाव कुणाचंही असो, पण निदान दुसरा नंबर म्हणून तरी आपला लिहवून घ्यावा. मी तर नावही माझंच दिलं. बिलही मीच भरते. ह्यांची काही तक्रार नाही, उलट आता नेट गेलं की ते मला विचारतात, "कधी येणार गं तुझा माणूस?"

पेटीच्या जागेचं तर विचारूच नका. तार घेऊन आलेला मुलगा दारातून सरळ टीव्हीकडे जातो. तिथे प्लग असतो, काम लवकर उरकतं. मग पेटी जाते शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, आणि तिच्या पुढे पितळी समई. वायफायच्या लहरींना धातू, आरसा आणि पाणी हे तीन अडसर मोठे. आपल्या घरांत फ्रीज, आरशाचं कपाट आणि माळ्यावरची पाण्याची टाकी हे बहुधा एकाच रांगेत, हॉल आणि आतल्या खोलीच्या मध्ये! त्यात काँक्रीटची भिंत. टीव्हीवर सिनेमा छान दिसतो आणि आत अभ्यास करणाऱ्या मुलीचा वर्ग अडखळतो.

माणूस यायच्या आदल्या दिवशी एक प्रयोग करा. एका मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून तो पेटीच्या मनातल्या जागी ठेवा. दुसरा मोबाइल घेऊन घरभर फिरा. जिथे काम करता, अभ्यास करता तिथे रेघा किती दिसतात पाहा. मी असं तीन जागी करून पाहिलं. पॅसेजच्या दारावरची जागा सर्वांत चांगली निघाली, घराच्या मधोमध आणि डोक्याच्या वर. त्या मुलाने कुरकुर केली, "काकू, तार वाढेल." वाढली आठ मीटर, काम वाढलं पंधरा मिनिटं. चहा केला त्याच्यासाठी.

पेटी बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडते. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतीपलीकडे जातात पण वेग बेताचा. 5 गिगाहर्ट्‌झच्या वेगवान पण भिंतीशी हरतात. पेटीच्याच खोलीत बसून काम असेल तर दुसऱ्या, आतल्या खोलीसाठी पहिल्या. मायक्रोवेव्ह ओव्हनही 2.4 च्या आसपासच्याच लहरींवर चालतो, म्हणून पेटी त्याच्याजवळ ठेवू नये.

तारेविषयी दोन गोष्टी. काच आहे ती, तिला कोपऱ्यात दुमडू देऊ नका. वळण साधारण आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं ठेवलं की काळजी नाही. आणि सुट्या टोकात डोळा लावून पाहू नये, मुलांना तर मुळीच पाहू देऊ नये. आतला उजेड डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. जोडणी झाली की तो मुलगा छोट्या यंत्राने उजेड किती पोचतोय ते मोजतो. तो आकडा विचारून लिहून ठेवा. तो उणे असतो; उणे 15 ते उणे 25 च्या दरम्यान असला की ठीक, उणे 27 च्या पलीकडे गेला तर जोड नीट बसलेला नाही, पुन्हा करून घ्यावा.

वेग किती घ्यावा? जाहिरातीतले आकडे मेगाबिटचे असतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे 40 मेगाबिट म्हणजे सेकंदाला 5 मेगाबाइट, आणि 500 मेगाबाइटची फाइल उतरायला 100 सेकंद. सरकारने जानेवारी 2023 मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान 2 मेगाबिटची अट घातली. त्याआधी 512 किलोबिटवर भागत असे. चेहरे दिसणाऱ्या एका वर्गाला साधारण 3 ते 4 मेगाबिट लागतात. चार माणसांच्या घराला 40 मेगाबिट पुरतात असा माझा अनुभव. मात्र घरून शिकवत असाल तर आपल्याकडून बाहेर जाण्याचा वेग, अपलोड, किती ते वेगळं विचारा. सगळे डाउनलोडचाच आकडा सांगतात.

बिलात 18 टक्के जीएसटी धरा. 399 रुपयांची योजना म्हणजे प्रत्यक्षात 470 रुपये 82 पैसे. 'अमर्याद' शब्दाखाली बारीक अक्षरांत मर्यादा असतेच, ती ओलांडली की वेग घटतो. जोडणी फुकट म्हणून वर्षाचे पैसे आधी मागतील. मी पहिला महिना एकच महिन्याचे दिले, चालतंय असं पाहून मग सहा महिन्यांचे.

वीज गेली की पेटीही बंद. पेटीसाठी छोटी बॅटरी मिळते. घेताना पेटीच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते पाहून तेवढ्याचीच घ्या. बहुतेक 12 व्होल्ट असतं. माझा साडेसहाचा वर्ग आता तिच्यामुळे तरून जातो.

नेट बंद पडलं तर आधी पेटीवर 'लॉस' लिहिलेला दिवा पाहा. तो लाल असेल तर उजेडच पोचत नाही, तार तुटली किंवा दुमडली आहे. पेटी दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. तक्रार करताना हेच सांगा, म्हणजे "पेटी बंद करून पुन्हा लावा" हे पुराण ऐकावं लागत नाही. तक्रारीचा नंबर वहीत लिहा. दाद लागली नाही तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमांप्रमाणे कंपनीतच वरच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्यासाठी तो नंबर लागतोच. त्याही पुढे ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय.

पेटीवर छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि वायफायच्या नावात आपलं आडनाव किंवा फ्लॅट नंबर घालू नका. शेजारच्यांनी मागितला तर? मी पाहुण्यांसाठीचं वेगळं नाव सुरू करून तेवढंच देते. कनेक्शन आपल्या नावावर आहे, त्यावरून कुणी काही उद्योग केले तर पोलीस पहिल्यांदा आपल्याच दारात यायचे.

आणि घर बदललंत तर पेटी बहुधा कंपनीची असते, ती परत करावी लागते. न्यायला येणारा घाईत असतो. पेटी, अडॅप्टर आणि वायर मिळाल्याची सही-तारखेची पावती हातात आल्याशिवाय पेटी देऊ नका. अनामत त्या पावतीवरच परत मिळते.